पळून गेल्याचा ठपका

पांढरकवड्याला हायवेला लागून, टायरच्या दुकानांच्या रांगेत माझं दहा बाय बाराचं दुकान होतं. पाटी साधी होती: 'अरबी, उर्दू, इंग्रजी, मराठी. टायपिंग व भाषांतर.' मागच्या वर्षी ते दुकान मी बंद केलं. डोळे थकले हे एक कारण. दुसरं असं की, आता लोक कागदासमोर मोबाईल धरतात आणि मोबाईल सगळं वाचून दाखवतो. बरोबर वाचतो की नाही, ते सोडा. आमच्या इथल्या एकाच्या व्हिसावर 'मेंढ्या राखणारा' असं लिहिलेलं होतं. मोबाईलनं त्याचा अर्थ 'पाद्री' असा सांगितला. अरबीत दोन्हीला शब्द एकच आहे. तो गडी आठ दिवस घरात कोणाशी बोलला नव्हता.

पाटीवरचं 'अरबी' पाहून कोणीही आत यायचं. ट्रकवाले केबिनमध्ये लावायला दुवा लिहून मागायचे, मग ट्रकमालक शेख असो की जयस्वाल. एक बाई दुबईहून आलेल्या क्रीमची डबी घेऊन आल्या आणि ते तोंडाला लावायचं की टाचेला, एवढंच विचारून गेल्या. टाचेचं होतं. पण खरं काम आखातात गेलेल्या माणसांच्या कागदांचं. करार, परवाने, नोटिसा, कोर्टाचे निकाल.

हा धंदा मी सौदीत शिकलो. तिकडे सरकारी कचेऱ्यांच्या बाहेर टायपिंगची दुकानं असायची. कोणताही अर्ज ठरावीक अरबीत, ठरावीक मायन्यानं लागायचा, आणि तो लिहायला बसलेले बहुतेक परदेशी. त्यात केरळचे सर्वांत जास्त आणि यवतमाळ जिल्ह्याचा मी एकटा. अकरा वर्षं मी त्या बाकावर काढली. आतल्या साहेबाचं तोंड क्वचितच दिसायचं, पण कोणता अर्ज परत येतो आणि कोणता पुढे सरकतो यावरून आत काय चाललंय ते कळायचं. कायदा बदलला की तो पेपरात येण्याआधी माझ्या बाकावर यायचा. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक आजीबाई परवान्याची चौकशी करायला आल्या होत्या. वय विचारलं तर म्हणाल्या, "वय लिहायची जागा असेल तर लिही, नसेल तर विचारू नकोस."

इकडे परत आल्यावर एक नाद लागला. कागद हातात आला की तो कोणत्या देशाचा आणि तिथलं राज्य कसं चालतं, हे ताडायचं. सौदीचा कागद राजाच्या फर्मानाचा हवाला देतो. कुवेतच्या जुन्या कायद्यांच्या वर 'राष्ट्रसभेनं मंजूर केलेला' असं असायचं. तिथे निवडून दिलेलं सभागृह होतं आणि ते मंत्र्यांना भर सभेत घाम फोडायचं. अलीकडे अमीरांनी ते थांबवून ठेवलं, तर कायद्यांवरची ती ओळही गेली. आपल्याकडे लोक 'मुसलमान देश' असं एका दमात म्हणतात. मला विचाराल तर, ज्यानं त्या देशांचे कागद वाचलेत तो तसं म्हणणार नाही. माझ्या घरच्यांनाही हे पटवायला मला बरीच वर्षं लागली.

असो. मला ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या सुमनबाई राठोड. महागावकडच्या एका तांड्यावरच्या. वय पस्तिशीच्या आसपास. यवतमाळला एसटी बदलून त्या सकाळीच दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या, बसल्या नाहीत. मोबाईलवरच्या चित्राची छापून आणलेली प्रत माझ्यापुढे ठेवली.

"हनीफभाऊ तुम्हीच ना? मंग सांगा मले, ह्या कागदात माह्या नवऱ्याले पळपुटा काहून म्हनून राह्यले?"

कागद सौदीचा, नाव प्रकाश राठोड, आणि त्यात एकच ओळ महत्त्वाची होती. कामावरून गैरहजर. बोलीत तिकडे याला 'हुरूब' म्हणतात, म्हणजे पळून जाणं. परदेशी कामगार तिथे एका मालकाच्या नावावर असतो. कामगार निघून गेला असं मालकानं सरकारला कळवलं की त्याच्या नावापुढे हा ठपका लागतो. मग त्याचा राहण्याचा परवाना मेला. दुसरीकडे काम करता येत नाही, विमानात बसता येत नाही, आणि पोलिसांनी नाक्यावर अडवलं तर सरळ कोठडी.

"प्रकाशभाऊ आता आहेत कुठं?" मी विचारलं.

"जिथं होते तिथंच. खजुराच्या वावरात मोटर चालू करतात, झाडाले पानी देतात."

"मालक काय म्हणतो?"

"मालक मेला. म्हातारा लय चांगला होता म्हनतात. त्याचा पोरगा दुसऱ्या शहरात. त्यानं बापाच्या सगळ्या मानसाइच्या नावावर एकच बटन दाबलं. कामगार कायचे, कुठं हायत, पाहाले सुदिक आला नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "भाऊ, मानूस जागचा हालला नाही, अन् पळाला कसा?"

मी असे पुष्कळ ठपके पाहिले होते, पण हा प्रश्न इतका सरळ कोणी विचारला नव्हता.

त्यांचे हातपाय हलवून झाले होते. प्रकाशनं ओळखीच्या एकाला कामगार कचेरीत पाठवलं होतं. तिथे मालकाला आणा नाहीतर पुरावा आणा, असं सांगितलं होतं. मालकाचा मुलगा फोन उचलत नव्हता. आपल्या दूतावासात नाव नोंदवून झालं होतं, उत्तराची वाट होती. यात आठ महिने गेले होते.

मी म्हणालो, "एक रस्ता आहे. पण त्यात धोका आहे."

सौदीत प्रत्येक भागावर राजानं नेमलेला अधिकारी असतो. लहान भागाच्या अधिकाऱ्याला मुहाफिज म्हणतात. आपला कलेक्टर आणि पालकमंत्री एकाच माणसात घातले तर जे होईल ते. ठरलेल्या दिवशी तो दिवाणखान्यात बसतो आणि कोणीही आत जाऊन त्याच्या हातात अर्ज देऊ शकतो. या अर्जाला मारूद म्हणतात. रांगेत शेळ्या राखणारा असतो आणि कारखान्याचा मालकही असतो. ही रीत तिथल्या टोळ्यांच्या काळापासूनची आहे.

सुमनबाई आता बाकावर बसल्या. त्यांचे प्रश्न सुरू झाले.

"राजाच्या मानसाले कोनीबी भेटते? चिठ्ठी नाही लागत?"

"नाही."

"तिथं आमदार नसते?"

"नसतो. सल्ला देणारी सभा आहे, ती राजाच नेमतो."

"मंग लोक शिव्या कोनाले देतात?"

"मनातल्या मनात देतात."

"सगळ्याच तिकडच्या देशात असंच हाय का?"

मी म्हणालो, "नाही हो. तुर्कस्तानात, इंडोनेशियात निवडणुका होतात, आपल्यासारख्या सभा, झेंडे, भांडणं. मलेशियात तर नऊ सुलतान आहेत. पाच-पाच वर्षं पाळीपाळीनं ते देशाचा राजा होतात."

"बाप्पा! आमच्या बचत गटाचं अध्यक्षपद असंच फिरते." मग लगेच, "अन् पाळी संपल्यावर सरळ उठते का तो? आमच्यात नाही उठत."

अर्धा तास असा गेला. मग त्यांनी धोका कोणता ते विचारलं, आणि मी आडपडदा न ठेवता सांगितलं. ठपका लागलेला माणूस स्वतःच्या पायानं सरकारच्या दारात जाणार. मुहाफिजानं ऐकलं तर सुटला. नाही ऐकलं, तर दारातच पोलीस असतात. मी दोन्ही पाहिलं होतं. काय होईल ते सांगता येणार नाही.

"मी सासऱ्याले घेऊन येते," म्हणून त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी सुमनबाईंबरोबर त्यांचे सासरे हरसिंग नायक आले. तांड्याचे नायक, म्हणजे तांड्यातले तंटे ज्यांच्यापुढे बसून सुटतात ते. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी, बोलणं मोजकं. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी दुकान नीट पाहून घेतलं. मग मला एकच गोष्ट विचारली.

"तो साहेब सगळ्याइच्या समोर आयकते, का आत नेऊन?"

"सगळ्यांच्या समोर."

"मंग जाऊ द्या पोराले. सगळ्याइच्या समोर बसनाऱ्याले आपल्या तोंडाची लाज ठेवा लागते. मी चाळीस वर्सं बसून राह्यलो, मले ठाव हाय."

राज्यशास्त्राची पुस्तकं मी फार वाचलेली नाहीत, पण या वाक्यात त्यातलं बरंच काही असावं असं मला तेव्हा वाटलं.

आम्ही प्रकाशला फोन लावला. तो घाबरलेला होता. "धरून नेलं तं?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. नायक त्याच्याशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलले, हळू आवाजात, फार वेळ. सुमनबाईंनी मला त्यातलं एवढंच सांगितलं, "मामा म्हनतात, तू पळाला नाही ना? मंग पळाल्यावानी लपून कायले राहतं?"

मारूद लिहायला मला तासभर लागला. मायना लांब असतो, तो लिहिलाच. खालचा मजकूर मात्र मी पाच ओळींत बसवला. मी पळालेलो नाही. माझे मालक अल्लाघरी गेले त्या दिवशी मी ज्या बागेत होतो, त्याच बागेत आज आहे. झाडं हिरवी आहेत. कृपा करून माणूस पाठवून पाहा. मी तिथेच सापडेन.

नायकांनी तो मराठीत ऐकला आणि म्हणाले, "नाव पुरं लिहा. बापाचं, आज्याचं, तांड्याचं."

मी म्हणालो, "अरबीत तसंच लिहितात, नायक. माणूस, त्याचा बाप, त्याचा आजा, मग टोळी."

ते पहिल्यांदा हसले. "मंग समजदार मानसं दिसतात."

मोबाईलवर पाठवलेला मारूद तिकडे छापून घेतला, आणि ठरलेल्या दिवशी शेजारच्या बागेचा म्हातारा अबू सालेम प्रकाशला आपल्या गाडीत घेऊन गेला. सकाळपासून प्रकाशचा फोन बंद होता. त्या दिवशी माझ्याकडे एका निकाहनाम्याचं भाषांतर होतं; मी नवऱ्याच्या जागी काजीचं नाव टाकलं आणि पुन्हा सगळं टाइप केलं. सुमनबाईंचा दर तासाला फोन. मी काय सांगणार? मनात एकच येत होतं, की माणूस बागेत लपून तरी सुखरूप होता. मी त्याला बाहेर काढलं.

दुपार टळली आणि प्रकाशचाच फोन आला. आवाज चढलेला. दिवाणखान्यात पन्नासेक माणसं होती. मुहाफिजानं उभं राहून कागद घेतला, वाचला, आणि विचारलं, "झाडं खरंच हिरवी आहेत?" प्रकाश म्हणाला, हिरवी आहेत. मागून अबू सालेम उठून मोठ्यानं बोलला, "मी शेजारी आहे. या माणसानं पाणी दिलं नसतं तर त्या मुलाच्या हातात सरपण आलं असतं." सगळे हसले. मुहाफिजानं कागदाच्या कोपऱ्यावर दोन शब्द लिहिले, चौकशी करा. पोलिसांनी प्रकाशला हात लावला नाही. उलट कॉफी दिली.

चौकशीला तीन आठवडे लागले. ठपका निघाला, आणि महिन्याभरात प्रकाश तांड्यावर परतला. सुमनबाई नवऱ्याला घेऊन मला भेटायला आल्या. मी खूश होतो, थोडा फुगलोही होतो. त्यांनी माझी हवा तिथल्या तिथे काढली.

"भाऊ, चांगलं झालं ते झालं. पन त्या दिवशी त्या साहेबाचं डोकं दुखत असतं तं? नाही तं शेजारी कजाग असता तं?"

मी म्हणालो, "मग वेगळं झालं असतं."

"म्हंजे हा कायदा नव्हता. माह्या नवऱ्याचं नशीब होतं."

"कायदाही होता. खोटा ठपका काढायचा नियम तिथे आहेच. त्या नियमापर्यंत जायला मात्र एका माणसाची मर्जी लागली."

"आपल्याकडं तसं नाही का?"

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. मी दारात जाऊन तीन चहा सांगितले.

आता ज्याचं मला वाईट वाटतं ते सांगतो.

प्रकाशचं काम झाल्याची बातमी पसरली. त्यानं मारूदचा फोटो कोणाला तरी पाठवला, त्यानं आणखी कोणाला. एका महिन्यात तो कागद माझ्याकडेच फिरून आला, नाव बदलून, एका उमरखेडच्या माणसाकडून. खजुराच्या बागेशी काही संबंध नसलेली माणसं 'झाडं हिरवी आहेत' असं लिहून सरकारला देत होती. मी ज्याला त्याला सांगत राहिलो की हे चालणार नाही. पण सांगणार किती जणांना? नीट विचार केला असता तर कागद कोणाला पाठवू नका एवढं मी पहिल्याच दिवशी प्रकाशला बजावलं असतं. कागद चांगला उतरला होता, चार लोकांनी पाहावा असं मलाही कुठेतरी वाटत होतं.

त्यातच युनूसचं झालं. युनूस आमच्या पांढरकवड्याचा, डिझेल इंजिनाचा मेकॅनिक, अतिशय हुशार हात. तो खरोखर मालकाला सोडून गेला होता. करारात मेकॅनिक लिहून मालकानं त्याला गोदामात खोकी उचलायला लावलं, म्हणून तो निघाला आणि दुसऱ्या शहरात एका गॅरेजमध्ये काम करू लागला. हे तिथल्या कायद्यात बसत नाही. त्याच्यावर लागलेला ठपका खरा होता. मला न विचारता त्यानं तोच मारूद मिळवला, बागेऐवजी गोदाम घातलं, आणि दिला. पंधरा दिवसांत त्याला विमानात बसवून परत पाठवलं.

त्याची आई रोज माझ्या दुकानासमोरून भाजीला जायची. आधी सलाम करायची, नंतर मान वळवून जाऊ लागली.

एक दिवस युनूस स्वतः आला. मी उठून उभा राहिलो. बाकावरचे कागद बाजूला केले. म्हणालो, "बैस."

तो बसला. "चाचा, कागद तोच होता ना? प्रकाशचा अन् माहा?"

"तोच होता."

"मंग त्याले सोडलं, मले काहून नाही?"

"त्यानं लिहिलं ते खरं होतं, बेटा. माणूस पाठवून पाहिलं असतं तर तो सापडला असता. तू सापडला नसतास."

तो खाली पाहत म्हणाला, "हाव. मले बी तिथं उभं राहून तेच वाटलं."

मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. परत पाठवताना दिलेला. "यात माह्याबद्दल काय लिहिलं ते मले कोनी सांगितलं नाही. मोबाईल येगयेगळं सांगते. तुम्ही वाचा."

मी चष्मा लावला. वर नाव, पारपत्राचा क्रमांक, हुकमाचा क्रमांक. इतकी वर्षं पुन्हा येता येणार नाही, अशी ओळ. दंड नाही, कैद नाही. ते वाचून मला आश्चर्य वाटलं, कारण खोटा अर्ज दिल्यावर दोन्ही होऊ शकलं असतं. मग शेवटून दुसरी ओळ वाचली आणि कारण कळलं.

"तू तिथे काय बोललास रे?" मी विचारलं.

"मुहाफिजानं अर्ज वाचला, माह्याकडं पाहिलं, अन् इचारलं, हे तुझं हाय का? दिवाणखान्यात सगळे पाहून राह्यले होते. मी म्हनलो, नाही साहेब. कागद दुसऱ्याचा हाय. मी गोदाम सोडून गेलतो, मले इंजिनाचं काम येते, खोक्याचं नाही. बस, एवढंच. मंग त्यानं मले बसवलं, कॉफी दिली, अन् बाहेर पोलिसाले बोलावलं. काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. स्वतः हजर झाला. विचारल्यावर खरं सांगितलं.

युनूसनं कागद माझ्या हातून घेतला, त्या ओळीवर बोट ठेवून अरबी अक्षरं पाहत राहिला. वाचता येत नव्हती, तरी पाहत राहिला. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाला, "चाचा, हे इंग्लिशमधी करून द्या. ओमानमधी एका गॅरेजवाल्याशी बोलनं चालू हाय. तो इचारन, तुले सौदीतून काहून काढलं. त्याले हेच दाखवतो."

"यात परत पाठवल्याचंही लिहिलंय. ते मी गाळणार नाही."

"गाळू नका. सगळं लिहा."

मी संगणक सुरू केला. नाव, पारपत्राचा क्रमांक, हुकमाचा क्रमांक, सगळं झरझर झालं. असे कागद मी शेकड्यांनी केले होते. मग ती ओळ आली. मी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. एकदा इंग्रजीत 'कबूल केलं' अशा अर्थाचं आलं, ते गुन्हेगारासारखं वाटलं. एकदा 'प्रामाणिकपणे निवेदन केलं' असं आलं, ते माझ्याच दुकानाच्या लेटरहेडसारखं वाटलं. युनूस बाकावर बसून होता. त्या दोन लहान वाक्यांना मला पाऊण तास लागला.